झबलं वर करा, श्वास मोजा

वाशिमला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आले ते २०२४ मध्ये. ९ ऑक्टोबरला राज्यातल्या दहा नव्या महाविद्यालयांचे एकत्र उद्घाटन झाले. त्या यादीत गडचिरोली, बुलडाणा, हिंगोलीबरोबर वाशिमचेही नाव होते. त्याआधी या जिल्ह्यातले अवघड दुखणे बहुतेक वेळा अकोल्याचा रस्ता धरायचे. आता मानोऱ्याच्या तांड्यावरून किंवा रिसोडच्या एखाद्या खेड्यातून कडेवर लेकरू घेऊन आलेली आई वाशिममध्येच वैद्यकीय विद्यार्थ्यांसमोर बसेल. बालरोगशास्त्राची परीक्षा शेवटच्या वर्षी असते. पण त्या विषयातले एक कौशल्य पहिल्याच वर्षी हातात बसवावे असे मला मनापासून वाटते. त्याला पुस्तक लागत नाही, यंत्रही लागत नाही. एक सेकंदकाटा आणि पूर्ण एक मिनिट, एवढेच लागते.

पाच वर्षांखालच्या मुलांच्या तक्रारी फार वेगवेगळ्या नसतात. सर्दी-खोकला, ताप, हगवण यांतच ओपीडीचा मोठा भाग संपतो. खोकणाऱ्या मुलांपैकी बहुतेकांना साधी सर्दी असते आणि ती आपसूक बरी होते. त्यांच्यातच एखाद्याला न्यूमोनिया असतो. त्या एकाला ओळखायचे कसे? आई सांगते, ‘रात्रभर पोट उडत होतं.’ हे वाक्य कानावर पडले की पेन खाली ठेवावे आणि बाळाकडे बघावे.

बाळ आईच्या मांडीवरच राहू द्यायचे. ते रडत असेल तर थांबायचे, कारण रडताना मोजलेला आकडा काही कामाचा नसतो. थंडीच्या दिवसांत टोपी, स्वेटर, त्यावर दुपटे असा जामानिमा असतो. तो न काढताच वरून अंदाज बांधण्याची सवय फार वाईट. आईलाच झबलं छातीपर्यंत वर करायला सांगायचे आणि पोट व छातीची सीमा नीट दिसेल असे बसायचे. हात लावायचा नाही, नुसते मोजायचे. तेही पूर्ण ६० सेकंद. पंधरा सेकंद मोजून चारने गुणले तर एका श्वासाची चूक चार श्वासांची होते, आणि लहान मुलांचा श्वास तसाही एका लयीत चालत नाही. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे श्वास मिनिटाला ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा जास्त आणि एक ते पाच वर्षांपर्यंत ४० किंवा जास्त भरले, तर तो जलद श्वास. अगदी तान्ह्या बाळात आकडा ६० किंवा जास्त भरला तर एकदा पुन्हा मोजायचे. तान्ही बाळे मध्येच क्षणभर थांबून मग भराभर श्वास घेतात.

मोजून झाले की नजर फासळ्यांच्या खालच्या कडेवर न्यायची. निरोगी बाळ श्वास घेते तेव्हा छाती आणि पोट दोन्ही बाहेर येतात. न्यूमोनिया वाढलेल्या बाळात पोट वर येते आणि छातीचा खालचा भाग आत खेचला जातो. याची कारणे शरीराच्या रचनेत आहेत. सूज आणि स्रावाने भरलेले फुफ्फुस पाणी प्यालेल्या स्पंजासारखे जड होते, सहज फुगत नाही. खोल श्वास घ्यायला फार जोर लागतो, म्हणून मूल उथळ पण भराभर श्वास घेते. फुफ्फुस आणखी ताठर झाले की श्वासपटलाला नेट लावून खाली ओढावे लागते. बाळाच्या फासळ्या अजून लवचिक असतात, त्या ओढीने त्या आत वळतात. मोठ्या माणसाच्या कडक फासळ्यांत हे इतके स्पष्ट दिसत नाही.

श्वासाच्या आकड्यावरून न्यूमोनिया ओळखण्याची ही रीत पापुआ न्यू गिनीच्या डोंगराळ भागात फ्रँक शॅन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात तपासून मांडली. क्ष-किरण यंत्र जिथे पोचणार नाही अशा जागांसाठी ती हवी होती. तिचा सर्वांत धाडसी वापर मात्र आपल्या विदर्भात झाला. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये गडचिरोलीत ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. तिथल्या ५८ गावांत त्यांनी आरोग्यसेवक आणि सुईणींना न्यूमोनिया ओळखून गोळ्या-औषध द्यायला शिकवले. बऱ्याच सुईणींना पन्नासपर्यंत मोजता येत नव्हते. त्यांच्यासाठी एक साधन बनवले गेले: एका मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि मण्यांची ओळ. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत शेवटचा लाल मणी सरकला, तर न्यूमोनिया. १९९० मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात या प्रयोगाचे निष्कर्ष आले. या कार्यकर्त्यांनी उपचार केलेल्या न्यूमोनियाच्या मुलांत मृत्यूचे प्रमाण ०.८ टक्के होते, तर तुलनेसाठी निवडलेल्या गावांत ते १३.५ टक्के. निरक्षर सुईणींच्याही हातून हे घडले, हे वाशिमच्या प्रत्येक विद्यार्थ्याला माहीत असायला हवे.

स्टेथोस्कोप मग कशाला, असे कुणी विचारील. त्याची गरज आहेच. पण छातीतली बारीक करकर एका डॉक्टरला ऐकू येते, शेजारच्याला येत नाही. श्वासाच्या आकड्यावर दोघांचे एकमत होणे त्या मानाने सोपे असते. घरघर किंवा शिट्टीसारखा आवाज असेल तर आधी श्वासनलिका मोकळी करणारे औषध वाफेवाटे द्यावे आणि पुन्हा मोजावे. कितीतरी मुलांचा आकडा तेवढ्यावरच खाली येतो. तापानेही श्वास वाढतो, तेव्हा ताप उतरल्यावर परत बघावे.

या रीतीची मर्यादाही लपवू नये. आकडा वाढलेल्या अनेक मुलांना विषाणूंचा संसर्ग असतो, आणि त्यावर अँटिबायोटिकचा उपयोग नसतो. कराचीतल्या गरीब वस्त्यांत केलेला एक मोठा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. फक्त श्वास जलद असलेल्या, छाती आत न ओढणाऱ्या मुलांपैकी काहींना अमॉक्सिसिलिन दिले, काहींना दिसायला तसेच, पण औषध नसलेले मिश्रण. अमॉक्सिसिलिनच्या गटात उपचार फसण्याचे प्रमाण २.६ टक्के होते, दुसऱ्या गटात ४.९ टक्के. म्हणजे एका मुलाचा फायदा व्हावा म्हणून चाळीसहून अधिक मुलांना औषध द्यावे लागते. ज्या तांड्यावरून दवाखाना लांब आहे आणि मूल आधीच कुपोषित आहे, तिथे मी तरी औषध देण्याच्याच बाजूने उभा राहीन. पण न मोजता प्रत्येक खोकल्याला अँटिबायोटिक लिहिणाऱ्याला या आकड्यांचा आधार घेता येणार नाही.

मोजण्याच्याही आधी चार प्रश्न येतात. मूल पिते का? प्यालेले सगळे उलटून टाकते का? झटके आले का? सुस्त किंवा बेशुद्ध आहे का? यांतल्या एकाचेही उत्तर गंभीर असेल तर औषधाची पहिली मात्रा देऊन ताबडतोब मोठ्या रुग्णालयात पाठवायचे. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफने १९९० च्या दशकात बालआजारांची जी एकत्रित पद्धत बसवली, तिचा हा पाया आहे. भारताने तिच्यात अगदी पहिल्या दिवसापासूनच्या नवजात बाळांची भर घातली. तिच्या तक्त्यात गुलाबी रंग म्हणजे तातडीने पाठवा, पिवळा म्हणजे औषध देऊन लक्ष ठेवा, हिरवा म्हणजे घरी काळजी घ्या. जिथे पल्स ऑक्सिमीटर आहे तिथे तो जरूर लावावा. ऑक्सिजन ९० टक्क्यांच्या खाली गेलेले मूल वरवर शांत दिसू शकते.

हगवणीतही डोळ्यांनीच बरेच काम होते. डोळे खोल गेलेत का, पाणी दाखवल्यावर मूल भांड्यावर झडप घालते का, हे पाहायचे. मग पोटाची कातडी चिमटीत उभी धरून सोडायची. ती बसायला दोन सेकंदांहून जास्त वेळ लागला तर पाणी फार कमी झाले आहे. इथे एक मेख आहे. हाडाला कातडी लागलेल्या मुलात पाणी पुरेसे असूनही चिमटी सावकाश बसते, म्हणून दंडाचा घेर मोजल्याशिवाय या खुणेवर विसंबू नये. तो ११.५ सेंटिमीटरहून कमी म्हणजे तीव्र कुपोषण, आणि मग पाणी देण्याचे गणितच बदलते. एरवी जलसंजीवनीचे पाकीट एक लिटर पाण्यात आणि १४ दिवस झिंक, एवढ्यावर बहुतेक मुले सावरतात. शौचात रक्त नसेल तर सहसा अँटिबायोटिक लागत नाही. सलाइनसाठी हट्ट धरणाऱ्या नातेवाइकांना हे समजावून सांगणे हाही उपचारच.

गर्दीच्या ओपीडीत एका मुलाला पूर्ण मिनिट देणे अवघड जाते, हे खरे. पण पुढे हे मिनिट वाढवता येते, ते आईच्या हातून. झबलं वर केलेलेच असते. ‘हे बघा, इथं फासळीखाली खड्डा पडतोय. घरी गेल्यावर हा वाढला, किंवा बाळानं दूध सोडलं, तर रात्र असली तरी निघा. काही नाही झालं तरी परवा पुन्हा दाखवायला आणा,’ असे तिच्या बोटाने तिला दाखवून सांगावे, मग तिने ते परत सांगावे. ती काय सांगते ते ऐकूनच पुढच्या मुलाला आत बोलवावे.