निदानाचा कागद आणि नकोसा हात

स्वमग्नता किंवा एडीएचडी म्हणजे मेंदूची जन्मापासूनची वेगळी ठेवण. अशी मुले आपल्याही वस्तीत आहेत. पण कामावर बाईच्या अंगाला हात लावणारा एखादा माणूस तक्रार होताच डॉक्टरांचा कागद पुढे करतो, आणि वरचे लोक म्हणतात, "जाऊ द्या, त्याला कळत नाही."

आम्ही विचारतो, साहेबांच्या पत्नीसमोर मग कसे कळते? सफाई करणाऱ्या ताईंनाच, तेही जिना रिकामा असताना, हात कसा लागतो? स्वमग्न माणसाला आडून बोललेले, चेहऱ्यावरची नाराजी चटकन उमगत नाही, हे खरे. त्याला स्पष्ट सांगावे लागते. "नको" याहून स्पष्ट काय असते? अशा सबबीने बदनाम होतात ती आपली स्वमग्न मुले. स्वमग्न मुली-बायका तर स्वतःच अशा छळाला अधिक बळी पडतात.

भंवरीदेवींच्या लढ्यातून 1997 चा विशाखा निकाल आला, पुढे 2013 चा कायदा. वागणे बाईला नकोसे होते का, हे तो आधी पाहतो. कागद असला तरी चौकशी टळत नाही.

तक्रार 3 महिन्यांत लेखी द्यावी. सबळ कारण असेल तर आणखी 3 महिने मिळू शकतात. 10 किंवा अधिक कामगार असतील तिथे अंतर्गत समिती हवी. त्याहून कमी असतील, मालकच दोषी असेल किंवा घरकाम असेल, तर जिल्ह्याची स्थानिक समिती. लिहिता येत नसेल तर तक्रार लिहायला मदत करणे समितीवर बंधनकारक आहे.