साँ-पापिए चळवळ
साँ-पापिए चळवळ : फ्रान्समध्ये निवासपरवान्यावाचून राहणाऱ्या परदेशीयांनी कायदेशीर दर्जा मिळविण्यासाठी केलेली चळवळ. ‘साँ-पापिए’ या फ्रेंच संज्ञेचा अर्थ ‘कागदपत्रे नसलेले’ असा आहे. पूर्वी अशा लोकांना ‘चोरून राहणारे’ या अर्थाच्या शब्दाने संबोधीत. आपण लपलेलो नाही, आपल्यापाशी केवळ कागद नाहीत, हे ठसविण्यासाठी चळवळीने हे नाव जाणीवपूर्वक स्वीकारले.

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या औद्योगिक भरभराटीत फ्रान्सला मजुरांची निकड होती. परवान्याशिवाय आलेल्यास काम मिळाले, की त्याचे वास्तव्य मागाहून नियमित करण्यात येई. या सवलतीवर १९७२ मध्ये निर्बंध आले आणि जुलै १९७४ मध्ये मजुरांचे आगमनच स्थगित करण्यात आले. फ्रांस्वा मित्तेराँ यांच्या राजवटीत १९८१–८२ मध्ये सु. १,३०,००० जणांना परवाने मिळाले. परंतु १९९३ मध्ये गृहमंत्री शार्ल पास्क्वा यांच्या कायद्यांनी नियम अतिशय कडक केले. त्यांतून एक विलक्षण पेच उद्‌भवला. मूल फ्रेंच नागरिक असल्यास त्याच्या आईबापांना हद्दपार करता येत नसे. मात्र त्यांचे वास्तव्य अवैध असल्याने त्यांना परवानाही मिळत नसे. घालवून देता येत नाही आणि राहूही द्यावयाचे नाही, अशा अवस्थेत अनेक कुटुंबे अडकली.

१८ मार्च १९९६ रोजी मुख्यतः माली व सेनेगल येथील सु. ३०० स्त्रीपुरुष व मुले यांनी पॅरिसमधील सँतांब्रवाझ चर्चमध्ये ठाण मांडले. चारच दिवसांत पोलिसांनी त्यांना बाहेर काढले. त्यानंतर व्हँसेनचे नाट्यगृह, रेल्वेची एक रिकामी वखार असे आश्रय बदलत २८ जून रोजी ते सँ-बेर्नार चर्चमध्ये आले. अबाबाकार दिओप व मादजिगॅन सिसे हे त्यांचे प्रवक्ते होते. साहाय्य करणाऱ्या संघटना पुष्कळ होत्या. तथापि निर्णय आपणच घ्यावयाचे, हा आग्रह त्यांनी सोडला नाही. स्त्रियांचा वाटाही मोठा होता. दहा पुरुषांनी सु. ५० दिवस उपोषण केले. २३ ऑगस्ट रोजी पोलिसांनी कुऱ्हाडींनी चर्चचे दरवाजे फोडले. ती दृश्ये दूरचित्रवाणीवर देशभर दिसली. मोजक्यांना विमानाने परत धाडण्यात आले. बहुतेकांची न्यायालयांनी कार्यवाहीतील दोषांमुळे सुटका केली.

नंतरचे गृहमंत्री झां-ल्वी दब्रे यांच्या विधेयकात, परदेशी पाहुणा घरून गेल्यावर यजमानाने नगरपालिकेस कळवावे, असे कलम होते. फेब्रुवारी १९९७ मध्ये चित्रपट-दिग्दर्शकांनी याविरुद्ध जाहीर अवज्ञा पुकारली, पॅरिसमध्ये प्रचंड मोर्चा निघाला आणि ते कलम बदलावे लागले. समाजवादी सत्तेवर आल्यावर जून १९९७ च्या परिपत्रकानुसार सु. १,४०,००० अर्जदारांपैकी सु. ८०,००० जणांना परवाने मिळाले. उरलेल्यांची स्थिती पूर्वीपेक्षा बिकट झाली. कारण अर्जाबरोबर आपले नाव व पत्ता त्यांनी स्वतःच शासनाच्या हाती दिला होता.

एप्रिल २००८ पासून चळवळीचे केंद्र कामाच्या ठिकाणी सरकले. उपाहारगृहे, सफाई व बांधकाम यांतील परवानाहीन कामगारांनी सेझेते या कामगारसंघटनेच्या पाठिंब्याने संप केले. कर भरणारा, वेतनपत्रक मिळणारा माणूस अवैध कसा, हा त्यांचा प्रश्न होता. २०१२ च्या परिपत्रकाने नियमितीकरणाचे निकष ठरविले. जानेवारी २०२५ मध्ये ते रद्द करून सर्वसाधारणपणे सात वर्षांच्या वास्तव्याचा दंडक घालण्यात आला.