लग्नघरातील अखेरचे चार दिवस आणि देवकप्रतिष्ठा

॥ श्री ॥



तुळशीचे लग्न लागले की विवाहाच्या तिथींना प्रारंभ होतो. इंदूरच्या रीतीप्रमाणे पहिली लग्नपत्रिका खजराण्याच्या गणपतीस अर्पण करून मंडळी आपल्या मंदिरातही देवापुढे पत्रिका ठेवावयास येतात. त्या वेळी कचेरीत एक प्रश्न हमखास विचारला जातो : 'देवक केव्हा बसवावे?' आणि पुष्कळदा उत्तरही तेच देतात, 'लग्नाच्या दिवशीच सकाळी, मंगल कार्यालयात बसवू. घरी कशाला पसारा?'

या उत्तराचा थोडा विचार व्हावा म्हणून हा लेखनप्रपंच.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आपल्या परिचयातील एका घरी मुलाचे लग्न रविवारी होते. मुलाच्या आजी अंथरुणास खिळलेल्या होत्या. गुरुजींनी सुचविल्यावरून देवकप्रतिष्ठा शुक्रवारी घरीच झाली. आजींनी पडल्यापडल्याच नातवावर अक्षता टाकल्या. शनिवारी रात्री आजी गेल्या. घरावर दुःख कोसळले आणि त्यातच 'आता दहा दिवसांचे सुतक, लग्न कसे लागणार?' अशी चर्चा सुरू झाली. गुरुजींनी शांतपणे सांगितले, 'नांदीश्राद्ध झाले आहे. कार्य आरंभले गेले आहे. या कार्यापुरते सुतक नाही.' अंत्यसंस्काराचा भार काकांनी उचलला. वाजंत्री व वरात रद्द करण्यात आली आणि ठरल्या मुहूर्तावर विवाह लागला.

शास्त्र काय सांगते?

कमलाकरभट्टांचा 'निर्णयसिंधु' (इ. स. १६१२) आणि पंढरपूरच्या काशीनाथशास्त्री उपाध्ये यांचा 'धर्मसिंधु' (इ. स. १७९०) हे आपल्याकडील गुरुजींचे नित्याचे आधारग्रंथ होत. त्यांतील परंपरेनुसार आरंभलेल्या कार्यास सुतकाची बाधा होत नाही. आता आरंभ कशास म्हणावे? व्रतात संकल्प, यज्ञात ऋत्विजांचे वरण आणि विवाहात नांदीश्राद्ध, हा आरंभ होय. पत्रिका छापल्या, कार्यालय ठरले किंवा साखरपुडा झाला, एवढ्याने विवाहाचा आरंभ झाला असे शास्त्र मानीत नाही.

नांदीश्राद्ध किती आधी करता येते, याचीही मर्यादा दिलेली आहे. विवाहात दहा दिवस, मुंजीत सहा दिवस आणि चौलात तीन दिवस. म्हणजे घरात वृद्ध अथवा आजारी माणूस असेल तर दोन-तीन दिवस आधी देवक बसविणे ही पळवाट नसून शास्त्रानेच दिलेली सोय आहे.

मात्र दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. एक, ही अनुज्ञा आहे, आज्ञा नव्हे. ज्या घरास त्या दुःखात कार्य करणे जड जाईल, त्याने ते पुढे ढकलण्यास कोणाची हरकत नाही. दुसरी, वधूवरांच्या माता-पित्यांच्याच बाबतीत असा प्रसंग ओढवल्यास त्याचा विचार वेगळा आहे. तेथे गुरुजींचाच निर्णय घ्यावा.

देवक म्हणजे काय?

पुण्याहवाचन, मातृकापूजन, नांदीश्राद्ध आणि मंडपदेवतांची स्थापना मिळून आपण ज्यास देवकप्रतिष्ठा म्हणतो ते कार्य होते. अनेक घरी सुपात तांदळावर सुपाऱ्या मांडून मातृकांचे आवाहन करतात व जवळ अविघ्नकलश ठेवतात. इतर अनेक कुळांत देवक म्हणजे कुळाचे चिन्ह असते : कळंब, उंबर, पंचपल्लव, मोरपीस, शंख इत्यादी. आपले देवक कोणते हे घरातील वडीलधाऱ्यांस वेळीच विचारून लिहून ठेवावे. सांगणारी पिढी आता विरळ होत चालली आहे.

देवक बसल्यापासून उठेपर्यंत त्या घरी श्राद्ध, तिलतर्पण आदी करीत नाहीत. देवकोत्थापन सम दिवशी करावे, परंतु सहावा दिवस वर्ज्य. विषम दिवसांपैकी पाचवा व सातवा चालतो. तेव्हा देवक बसविण्याचा दिवस ठरवितानाच उठविण्याचा दिवसही ठरवावा, म्हणजे परगावचे आप्त परतण्याची घाई करणार नाहीत.

मुहूर्त इंदूरचाच हवा

मुंबई-पुण्याच्या नातलगांनी दूरध्वनीवरून कळविलेला मुहूर्त तसाच पत्रिकेवर छापला जातो. विवाहलग्न हे क्षितिजावर उगवणाऱ्या राशीवरून ठरते आणि ते स्थळाप्रमाणे बदलते. मुंबई व इंदूर यांच्या रेखांशांत सुमारे तीन अंशांचा फरक आहे. त्यामुळेच सुमारे बारा मिनिटांचे अंतर पडते; अक्षांशाचा फरक निराळाच. एक राशी उगवण्यास साधारण दोन तास लागतात आणि तिचा नवमांश सुमारे तेरा मिनिटांचा असतो. म्हणजे शुभ म्हणून निवडलेला नवमांश येथे जवळजवळ संपूनही गेलेला असू शकतो. मुहूर्त इंदूरसाठी काढून घ्यावा.

तिथीचाही असाच घोटाळा होतो. आपला मराठी महिना अमावास्येस संपतो, माळव्यातील हिंदी पंचांगाचा पौर्णिमेस. आपली वैशाख कृष्ण पंचमी ही शेजाऱ्यांची ज्येष्ठ कृष्ण पंचमी असते. दिवस एकच, नाव निराळे. म्हणून पत्रिकेवर तिथीबरोबर दिनांक व वार अवश्य घालावा, आणि गुरुजी हिंदी भाषिक असल्यास दिनांकानेच बोलावे.

आधी सिद्ध ठेवावयाच्या गोष्टी

१. दोन्ही घरांचे गोत्र आणि वधूवरांचे पिता, पितामह व प्रपितामह यांची नावे. कन्यादानाच्या वेळी यांचा उच्चार होतो. पणजोबांचे नाव आठवेना म्हणून ऐन मंडपात काकांना दूरध्वनी करणारे यजमान आम्ही पाहिले आहेत.

२. यजमानांचे आई-वडील हयात आहेत किंवा नाहीत, हे गुरुजींना आधी सांगावे. त्यावरून नांदीश्राद्धातील देवता ठरतात.

३. अंतरपाट, अक्षता, लाजाहोमासाठी साळीच्या लाह्या, समिधा, तूप आणि सप्तपदीसाठी तांदूळ. हे एका पिशवीत घालून घरातील एकाच जबाबदार माणसाकडे द्यावे.

४. मंगलाष्टकांनंतर विवाहहोम व सप्तपदीसाठी राखून ठेवलेला पुरेसा वेळ. छायाचित्रे व पंगती यांच्या गर्दीत याच विधींची आबाळ होते. वास्तविक हिंदू विवाह कायदा, १९५५ यानुसारही, जेथे सप्तपदीचा विधी आहे तेथे सातवे पाऊल पडल्यावर विवाह पूर्ण होतो.

सजावट, भोजन, वाजंत्री यांसाठी आज पैसे देऊन माणसे मिळतात. देवक मात्र घरच्यांनीच बसवावे लागते. अखेरच्या चार दिवसांत एक सकाळ त्यासाठी काढावी. घरातील जी वृद्ध माणसे मंगल कार्यालयापर्यंत येऊ शकणार नाहीत, त्यांच्या हातच्या अक्षता त्या सकाळी वधूवरांच्या मस्तकी पडतात. उपरोक्त घरातील नातवाने पुढे मंदिरात दर्शनास आल्यावर हेच सांगितले : 'आजी लग्नाला नव्हती असे आम्हांला वाटतच नाही.'

श्रीकृपेने आपल्या घरची सर्व मंगलकार्ये निर्विघ्न पार पडोत, ही प्रार्थना.

आपला विनीत,
सचिव, विश्वस्त मंडळ
इंदूर