ग्रंथशोधाच्या नव्या सोयी

मागील सहामाहींत आम्ही नववीच्या एका विद्यार्थ्यास बाबा पदमनजी यांच्या ‘यमुनापर्यटन’ या १८५७ सालच्या कादंबरीवर टिपण लिहावयास सांगितलें. दुसऱ्या दिवशीं तो रिकाम्या हातानें आला व म्हणाला, “सर, असें पुस्तकच नाहीं. मीं संगणकावर पाहिलें.” चौकशी करितां कळलें कीं, त्यानें ‘पद्मनजी’ असें नांव घातलें होतें व सूचींत ‘पदमनजी’ अशी नोंद होती. एका जोडाक्षरापायीं ग्रंथ नाहींसा झाला! त्या दिवशीं वर्गांत जें सांगितलें, तेंच येथें थोडक्यांत देत आहों.

ग्रंथालयाचीं कामें मुख्यतः दोन. वाचकास ग्रंथापर्यंत पोंचूं देणें हें पहिलें. असंख्य ग्रंथांतून हवा तो काढून देणें हें दुसरें. आपल्या जिल्ह्यांत ठाण्यास १८९३ सालीं मराठी ग्रंथसंग्रहालय स्थापन झालें. मुंबईचें १८९८ सालीं झालें. त्यायोगें पहिलें काम पुष्कळ सुकर झालें. दुसऱ्या कामासाठीं शंकर गणेश दाते यांनीं अपार कष्ट उपसले. १८०० पासून १९३७ पर्यंतच्या मराठी ग्रंथांची त्यांची सूची १९४३ सालीं प्रसिद्ध झाली व १९५० पर्यंतचा पुढील भाग १९६१ सालीं निघाला. एका माणसाच्या चिकाटीनें मराठी वाचकास दीडशें वर्षांच्या ग्रंथांची वाट दाखविली.

आतां हीं दोन्हीं कामें यंत्राकडे आलीं आहेत. केंद्र सरकारनें २५ नोव्हेंबर १९२४ रोजीं नव्हे, तर आपल्याच काळांत, २५ नोव्हेंबर २०२४ रोजीं, ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ ही योजना मंजूर केली. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांकरितां तिला ६,००० कोटि रुपये ठरविले. तीस प्रकाशकांचीं सुमारें १३,००० संशोधनपर नियतकालिकें सरकारी उच्च शिक्षणसंस्थांस व केंद्राच्या संशोधनसंस्थांस एकाच द्वारानें मिळावीं, असा तिचा हेतु आहे. व्यवस्था गांधीनगरच्या ‘इन्फ्लिबनेट’ या केंद्राकडे दिली आहे. मात्र आरंभीं हें दार सरकारी संस्थांपुरतेंच उघडलें. खासगी महाविद्यालयांत शिकणारा यंत्रमाग-कामगाराचा मुलगा त्यांत आला नाहीं. ज्यास विकत घेण्याची ऐपत नाहीं, त्यासच दार बंद असावें, ही गोष्ट आम्हांस सलते. सुधारणा व्हावयाची ती प्रथम येथें व्हावी.

शाळेंतील मुलांनीं मात्र निराश होऊं नये. खरगपूर येथील आय. आय. टी. नें उभारलेलें व १९ जून २०१८ रोजीं राष्ट्रास अर्पण झालेलें राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय सर्वांसाठीं आहे. तेथें विषय, भाषा व शिक्षणाची पायरी यांची चाळणी लावून शोध घेतां येतो.

आतां शोधाचें मर्म. यंत्र अर्थ वाचीत नाहीं. तें प्रत्येक अक्षरास व चिन्हास एकेक क्रमांक देऊन क्रमांकांशीं क्रमांक ताडून पाहतें. या पानावरील ‘नाहीं’ हाच शब्द घ्या. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या शुद्धलेखनविषयक नियमांनंतर तो ‘नाही’ असा लिहूं लागले. आपणांस दोन्हीं एकच. परंतु साध्या यंत्रास ते दोन निराळे शब्द! १८८२ सालच्या ठाणें जिल्ह्याच्या इंग्रजी गॅझेटियरांत गांवांच्या नांवांतील दीर्घ ‘आ’ दाखविण्यास अक्षरावर खूण छापली आहे. यंत्रानें पान वाचतांना तें अक्षर गाळलें, तर ठाणें व कल्याण हीं गांवेंच सूचींतून उठतात. शिवाय कित्येक जुने ग्रंथ केवळ छायाचित्ररूपानें ठेविलेले असतात. त्यांतील एकही शब्द शोधास लागत नाहीं.

यावर उपाय आहेत. अनुस्वार व ऱ्हस्वदीर्घ यांचे भेद शोधापुरते बाजूस ठेवावे. एका ग्रंथकाराच्या नांवाचीं सर्व रूपें एका नोंदीखालीं बांधावीं. छायाचित्रांचें अक्षरांत रूपांतर करून तें जाणत्या माणसानें तपासावें. पुढील सुधारणा या दिशेनें झाल्या, तरच मराठी वाचकास त्यांचा खरा लाभ होईल.

तोंपर्यंत विद्यार्थ्यांनीं तीन गोष्टी कराव्या. शब्द जुन्या व नव्या अशा दोन्हीं वळणांनीं घालून पाहावा. नांव सांपडेना, तर ग्रंथकार, विषय अथवा साल यांवरून जावें. तरीही न मिळाल्यास ग्रंथपालास विचारावें; त्यांत कमीपणा नाहीं.

आमच्या त्या विद्यार्थ्यास पुस्तक मिळालें व त्याचें टिपणही चांगलें उतरलें. पण त्याहून मोठा धडा त्यास मिळाला, तो आम्ही सर्वांपुढें ठेवितों: न सांपडणें म्हणजे नसणें नव्हे. “नाहीं” असें म्हणण्यापूर्वीं पुन्हां एकदां शोधावें.