निम्मा भंडारा जिल्हा कुठे गेला?

1991च्या जनगणनेत भंडारा जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे 21 लाख होती. 2001 साली ती 11 लाख 36 हजार भरली. हे दोन आकडे शेजारी ठेवून आलेख काढायला सांगा, दहा वर्षांत निम्मा जिल्हा ओस पडल्याचे चित्र संगणक बिनदिक्कत काढून देईल. साथ आली नव्हती, दुष्काळही नव्हता. 1 मे 1999 रोजी गोंदिया जिल्हा वेगळा झाला, एवढेच. साकोली-तुमसरकडच्या माणसाला हे सांगावे लागत नाही. तक्त्याला मात्र ते कळायला मार्गच नसतो, कारण त्याच्या लेखी ‘भंडारा’ ही नुसती अक्षरे आहेत. यंत्राला उमगेल अशी माहिती आणि तिच्यावर उभे राहिलेले ‘सिमँटिक वेब’ शिकायचे, तर सुरुवात गोंदिया वेगळा झाल्याच्या, तक्त्यात न लिहिलेल्या या वाक्यापासून करावी, असे माझे मत आहे. चिन्हे आणि कंस आधी घोकून घेतले, तर व्याकरण येते, पण बोलायचे काय ते कळत नाही.

टिम बर्नर्स-ली यांनी 1989 मध्ये वेबची कल्पना मांडली ती कागदपत्रे एकमेकांना जोडण्यासाठी. कागदपत्रांत काय म्हटले आहे, हे समजून घेणे माणसावरच सोडलेले होते. फेब्रुवारी 1999 मध्ये, म्हणजे गोंदिया वेगळा होण्याच्या सुमारे दोन महिने आधी, वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने ‘आरडीएफ’ या पद्धतीला मान्यता दिली. तिचा गाभा साधा आहे: प्रत्येक माहिती तीन पदांच्या विधानात मांडायची. गोसीखुर्द धरण, ज्या नदीवर आहे, वैनगंगा. यातल्या प्रत्येक वस्तूला आणि नात्यालाही वेबच्या पत्त्यासारखी, जगात एकमेव अशी ओळख द्यायची. गाडीवरचे ‘एमएच 36’ वाचून ती भंडाऱ्याची आहे याबद्दल कोणी वाद घालत नाही, तसेच हे. ही ओळख किती गरजेची आहे याचा दाखला पवनी तालुक्यातच आहे. गोसीखुर्दचे अधिकृत नाव इंदिरा सागर, आणि मध्य प्रदेशात नर्मदेवरच्या धरणाचेही तेच. शिवाय गोसेखुर्द, गोसीखुर्द अशी दोन्ही रूपे छापली जातात. नावावर विसंबले तर दोन धरणांचे एक होते, नाहीतर एकाची दोन.

माहिती संगणकात आहे म्हणजे ती यंत्राला वाचता येते, हा समज मराठीपुरता तर फारच महागात पडतो. युनिकोडपूर्व फाँटांत टंकलेले अहवाल डोळ्यांना स्वच्छ देवनागरी दिसतात, पण आत रोमन चिन्हेच साठवलेली असतात. ‘भंडारा’ शोधले तर एकही ओळ सापडत नाही. बर्नर्स-ली यांनी 2010 मध्ये खुल्या माहितीसाठी पाच ताऱ्यांची मोजणी सुचवली, तिच्यात नुसत्या पीडीएफला एकच तारा आहे. अशा फाँटातल्या पीडीएफला तो तरी द्यावा का, मला शंका आहे.

यावर पहिला आक्षेप असा की सिमँटिक वेबचे स्वप्न केव्हाच फसले. मे 2001 मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या लेखात बर्नर्स-ली, जेम्स हेंडलर आणि ओरा लासिला यांनी डॉक्टरांची वेळ परस्पर ठरवणारे सॉफ्टवेअर-मदतनीस रंगवले होते, त्या रूपात ते आले नाहीत, हे कबूल. पण 2011ची ‘स्कीमा डॉट ऑर्ग’ ही वेबपानांसाठीची सामाईक परिभाषा आणि 2012चे विकिडेटा हे माहितीचे खुले कोठार याच पायावर चालतात. दुसरा आक्षेप ताजा आहे: भाषा-प्रारूपे आता कोणताही मजकूर वाचतात, मग हा खटाटोप कशाला? ती वाचतात हे खरे, परंतु 1991चा आकडा कोणत्या भंडाऱ्याचा, हे मजकुरातच नसेल तर तीही अंदाजच करणार. आरडीएफही इथे निर्दोष नाही. तीन पदांत काळाला जागा नाही. विकिडेटाने विधानाला ‘पासून’ आणि ‘पर्यंत’ जोडण्याची सोय केली. जनगणनेपुरते मला मात्र अखंड भंडारा आणि आजचा भंडारा या दोन वेगळ्या वस्तू मानणे अधिक प्रामाणिक वाटते.

सर्वांत वजनदार आक्षेप तिसरा: एकच परिभाषा सर्वांवर लादली की गावचे ज्ञान पुसले जाते. भंडाऱ्यात या भीतीला आधार आहे. इथल्या मामा तलावांना, म्हणजे माजी मालगुजारी तलावांना, नुसते ‘जलाशय’ म्हटले की कोहळी समाजाची बांधणी, मालगुजारांचा, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या जमीनदारांचा, काळ, आणि 1950च्या कायद्याने मालगुजारी संपून 1951 मध्ये शासनाकडे गेलेली मालकी, सगळेच नाहीसे होते. पण याचे उत्तर त्याच पद्धतीत आहे. ‘मामा तलाव’ हा स्वतंत्र वर्ग करता येतो आणि तो ‘तलाव’ या वर्गाचा उपवर्ग आहे असे घोषित करता येते. मग तो एकूण तलावांच्या बेरजेत राहतो आणि वेगळाही काढता येतो. वर्गाची व्याख्या कोणी करायची, हा प्रश्न उरतोच, आणि ती करणाऱ्याला निस्तार पत्रक, म्हणजे गावाच्या वहिवाटीच्या हक्कांची नोंद, वाचता आले पाहिजे. कारण मालकी कोणाची, देखभाल कोणाची आणि वहिवाटीचा हक्क कोणाचा, ही तीन वेगळी विधाने आहेत. ‘मालक’ नावाच्या एका रकान्यात ती मावत नाहीत.