ऐतिहासिक कादंबरीतील तरुण नायक

ऐतिहासिक कादंबरीचा शेवट वाचकाला बहुधा आधीच ठाऊक असतो. कोण जिंकले, कोण हरले, गादीवर कोण बसले, हे इतिहासाच्या पुस्तकात छापलेलेच असते. तरीही अशी कादंबरी रात्र जागून वाचली जाते. घटना माहीत असली, तरी त्या घटनेच्या आदल्या रात्री माणसाच्या मनात काय चालले होते, हे माहीत नसते. कादंबरीकाराचे खरे क्षेत्र तेच होय. नायक कोवळ्या वयाचा असेल, तर हे क्षेत्र अधिकच विस्तारते. कारण अशा नायकाला शत्रूशी लढता लढता स्वतःलाही घडवावे लागते.

रणजित देसाई यांची ‘स्वामी’ ही कादंबरी १९६२ साली प्रसिद्ध झाली आणि १९६४ साली तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार लाभला. तिचे नायक थोरले माधवराव पेशवे. जानेवारी १७६१ मध्ये पानिपतावर त्यांचे वडीलबंधू विश्वासराव आणि चुलते सदाशिवरावभाऊ पडले. जूनमध्ये वडील नानासाहेबही गेले. वयाच्या सोळाव्या वर्षी माधवरावांच्या अंगावर पेशवाईची वस्त्रे आली. दौलत कर्जात बुडालेली, दक्षिणेत निजाम आणि हैदर टपलेले, आणि घरात चुलते रघुनाथराव : रणांगणात शूर, अनुभवी, पण सत्तेची आस न सुटलेले. बाहेरच्या शत्रूवर शस्त्र उपसता येते. वडीलधाऱ्या आप्ताचे काय करायचे?

१७६२ च्या अखेरीस चुलत्या-पुतण्यात उघड लढाई झाली. आळेगाव येथे माधवराव आपण होऊन चुलत्यांच्या छावणीत गेले आणि त्यांच्या स्वाधीन झाले. पोवाड्याच्या दृष्टीने पाहिले, तर हा पराभव. परंतु घरातील फूट वाढली, तर निजामाचे फावेल, हे सतरा वर्षांच्या मुलाने ओळखले आणि त्यासाठी आपला मान बाजूला ठेवला. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट १७६३ मध्ये, राक्षसभुवनाच्या लढाईत निजामाच्या फौजेचा मोड झाला, तेव्हा चुलते-पुतणे एकाच बाजूने लढत होते. आळेगावची शरणागती ही राक्षसभुवनाच्या विजयाहून मोठी म्हणावी लागेल. विजयात साथीला सैन्य होते. शरण जाताना माधवराव एकटे होते.

मात्र हाच पुतण्या १७६८ साली धोडपच्या लढाईनंतर चुलत्यांना शनिवारवाड्यात नजरकैदेत ठेवतो. नम्रता आणि कठोरता यांपैकी कोणती केव्हा योग्य, हे ठरवण्याची ताकद त्याला जन्मतः मिळालेली नाही. सहा वर्षांच्या अनुभवातून ती आली आहे. पोवाड्यातील वीर पहिल्या कडव्यापासून पूर्ण असतो. कादंबरीचा नायक चुकतो, संतापतो, शिकतो. जो नायक कधी डगमगतच नाही, त्याच्या धैर्याचे वाचकाला फारसे मोल वाटत नाही.

नायक कल्पित असेल, तर लेखकाला मोकळीक अधिक मिळते. सर वॉल्टर स्कॉट यांच्या ‘वेव्हर्ली’ (१८१४) या कादंबरीतील तरुण इंग्रज अधिकारी १७४५ च्या स्कॉटलंडमधील बंडात दोन्ही पक्षांकडे ओढला जातो. त्याच्या चंचलपणावर टीका झाली. पण त्या चंचलपणामुळेच वाचकाला दोन्ही छावण्या आतून पाहता येतात. मराठीत हरि नारायण आपटे यांनी ‘उषःकाल’मध्ये असाच पेच मांडला. बाप विजापूरकरांचा एकनिष्ठ किल्लेदार, तर मुलगा स्वराज्याच्या विचाराने भारलेला. येथे बापाला खलपुरुष केलेले नाही. त्याची स्वामिनिष्ठा खरी आहे, म्हणूनच मुलाची निवड अवघड होते.

कल्पित नायकाला लेखक वाचवू शकतो, त्याचे आयुष्य हवे तसे वळवू शकतो. माधवरावांच्या बाबतीत ही सोय नव्हती. १८ नोव्हेंबर १७७२ रोजी, अवघ्या सत्ताविसाव्या वर्षी, थेऊर येथे क्षयाने त्यांचा अंत झाला आणि रमाबाई सती गेल्या. सतीचा हा प्रसंग आजच्या वाचकाला खुपतो, आणि तो खुपायलाही हवा. पण त्या काळातील पात्रांच्या तोंडी आजचे विचार घालून तो पुसता येत नाही. लेखकाच्या हाती उरतात ते केवळ थेऊरचे शेवटचे दिवस : गणपतीचे देऊळ, खंगत चाललेला देह, आणि अंथरुणावरूनही राज्याच्या कर्जाची काळजी वाहणारा तरुण पेशवा.