'जेन्युइन लेदर' लिहिलंय म्हणजे बॅग चांगलीच असते का? ऑफिससाठी लेदर बॅग घेताना काय बघायचं?

बारामतीच्या एमआयडीसीत किंवा इंदापूरच्या एखाद्या बँकेत, पतसंस्थेत नोकरी लागते. दोन-तीन पगार हातात येतात आणि कॉलेजपासून वापरलेली सॅक अचानक जुनाट वाटायला लागते. मग मोबाइलवर 'लेदर मेसेंजर बॅग' शोधली जाते. म्हणजे वरून झाकण असलेली, लांब पट्ट्यानं खांद्यावर आडवी अडकवायची चपटी बॅग.

स्क्रीनवर हजार रुपयांची बॅग दिसते आणि तिच्याच शेजारी दहा हजारांची. फोटोत दोन्ही सारख्याच चकचकीत असतात. दोन्हींवर लिहिलेलं असतं, 'जेन्युइन लेदर'.

मग फरक कशात आहे? आणि पगारातले पाच-सहा हजार घालण्याआधी तो ओळखायचा कसा?

'जेन्युइन लेदर' म्हणजे नक्की काय?

हा शिक्का दर्जाबद्दल काहीच सांगत नाही. वस्तूत जनावराचं कातडं वापरलंय, एवढाच त्याचा अर्थ. ते कातडं कोणत्या थराचं आहे, त्यावर काय चढवलंय, हे त्यातून कळत नाही.

कातडं जाड असतं, त्यामुळे यंत्रावर त्याचे आडवे थर काढले जातात. सगळ्यात वरच्या थरात तंतू घट्ट विणलेले असतात. हा थर न घासता तसाच ठेवला तर त्याला 'फुल ग्रेन' म्हणतात. त्यावर रंध्रं, बारीक सुरकुत्या, क्वचित जुन्या जखमेची खूण दिसते. डाग काढायला वरची बाजू हलकीशी घासली तर ते 'टॉप ग्रेन'. दोन्ही टिकाऊ असतात.

खालचा थर म्हणजे 'स्प्लिट'. त्यातले तंतू सैल असतात. त्यावर प्लास्टिकसारखा लेप देऊन रंध्रांचा छाप मारला की तो दिसायला वरच्या थरासारखाच होतो आणि 'जेन्युइन लेदर' म्हणून विकला जातो. वर्ष-दोन वर्षांत घडीच्या जागी लेप तडकतो.

'बॉण्डेड लेदर' त्याहून वेगळं. कातड्याचा भुगा चिकटद्रव्यात मिसळून त्याचा पत्रा बनवतात. ईएन १५९८७ या युरोपीय मानकानुसार अशा मालाला 'लेदर' म्हणता येत नाही. कातड्यावरचा लेप ०.१५ मिलिमीटरपेक्षा जाड असेल, तर तिथे 'कोटेड लेदर' असं लिहावं लागतं.

राहिलं रेक्झिन, म्हणजे कापडावर पीव्हीसी किंवा पीयूचा थर. हल्ली 'व्हेगन लेदर' म्हणून विकलं जाणारं बरंचसं हेच असतं. पीयूची गोम अशी की हवेतल्या ओलाव्यानं तो थर आतून खराब होत जातो. म्हणून कपाटात नुसती ठेवलेली बॅगही काही वर्षांनी सोलपटते.

कातडं कमावणं म्हणजे काय?

कच्चं कातडं कुजतं. ते टिकाऊ करण्याच्या प्रक्रियेला मराठीत कातडं 'कमावणं' म्हणतात. बारामती-इंदापूरच्या जुन्या माणसांना हे नवीन नाही. विहिरींवर इंजिन आणि विजेचे पंप येण्याआधी शेताला पाणी मोटेनं दिलं जायचं आणि बऱ्याच ठिकाणी ती मोट कातड्याची असायची. गावातले ढोर समाजाचे कारागीर कातडं कमवायचे, तर चर्मकार त्याच्या वस्तू शिवायचे.

बाभळीची साल आणि हिरडा वापरून कातडं कमवायची पद्धत कोल्हापुरी चपलेत आजही टिकून आहे. या चपलेला भौगोलिक मानांकन आहे आणि ते मिळालेल्या जिल्ह्यांत इंदापूरला लागून असलेला सोलापूर जिल्हाही येतो. याला 'व्हेजिटेबल टॅन्ड' म्हणतात. काम पूर्ण व्हायला काही आठवडे लागतात. नव्या कोल्हापुरीसारखंच हे कातडं आधी कडक असतं, वापरून मऊ आणि गडद होतं. मात्र पाण्याचे डाग पटकन पडतात.

दुसरी पद्धत क्रोमियमच्या क्षारांची. काम एक-दोन दिवसांत होतं, कातडं मऊ राहतं आणि पाणी थोडं जास्त सोसतं. जगातलं बहुतेक लेदर असंच कमावलेलं असतं. रोज दुचाकीवर, उन्हा-पावसात फिरणाऱ्याला क्रोमची बॅग सोयीची. जपून वापरणाऱ्यानं व्हेजिटेबल टॅन्ड घ्यायला हरकत नाही.

'गाईचं चांगलं, म्हशीचं हलकं' असंही ऐकायला मिळतं. त्यात तथ्य नाही. महाराष्ट्रात २०१५ च्या कायद्यानं गाईबरोबर बैल आणि वळूच्या कत्तलीवरही बंदी आली, म्हैस त्यात येत नाही. म्हशीचं कातडं जाड आणि थोडं खरबरीत असतं. वरच्या थराचं असेल तर ऑफिसच्या बॅगेला ते उत्तम.

दुकानात पाच मिनिटांत काय तपासायचं?

कापलेली कड: पट्ट्याचं टोक किंवा आतल्या कप्प्याची कड बघा. तंतू दिसले तर कातडं. वर प्लास्टिकचा पापुद्रा आणि खाली कापड दिसलं तर रेक्झिन. सगळ्या कडा रंगानं बंद केल्या असतील तर आतली उलटी बाजू बघा. खऱ्या कातड्याची ती लवदार असते.

दाबून बघा: अंगठ्यानं दाबल्यावर वरच्या थराच्या कातड्यावर बारीक, अनियमित सुरकुत्या पडतात. जाड लेप असेल तर नुसता खळगा पडतो. सगळीकडे रंध्रांची नक्षी अगदी एकसारखी असेल तर तो छाप आहे.

शिलाई: टाके सरळ आणि सारख्या अंतरावर हवेत. पट्टा जिथे बॅगेला जोडलाय तिथे सगळा भार येतो. त्या जागी दुहेरी शिलाई किंवा शिलाईसोबत रिव्हेट हवं.

कड्या आणि चेन: पट्ट्याच्या कडीला सांध्यात फट नको, ती तिथूनच उघडते. लोहचुंबक चिकटला तर कडी लोखंडी आहे, मुलामा उडाल्यावर गंजणार. चेन चार-पाच वेळा उघडझाप करून बघा.

वासावर विश्वास ठेवू नका, तो फवारूनही आणता येतो. काडी लावून बघायचा सल्लाही विसरा. लेप दिलेलं कातडंही प्लास्टिकसारखं जळतं, आणि बॅग खराब होते ती वेगळीच.

बारामती ते इंदापूर रोज ये-जा असेल तर?

हे अंतर साधारण ५० किलोमीटर. कोणी एसटीनं जातं, कोणी दुचाकीनं. बॅग निवडताना हा प्रवास आधी डोळ्यांसमोर आणा.

लॅपटॉप, चार्जर, लिटरभर पाण्याची बाटली आणि लेदर बॅगेचं स्वतःचं वजन धरलं तर एका खांद्यावर सहज पाच किलो होतात. त्यामुळे पट्टा किमान चार सेंटीमीटर रुंद असावा, खांद्याशी गादी असावी. पाठदुखी असेल किंवा बराच वेळ उभ्यानं प्रवास असेल, तर दोन्ही खांद्यांवरची सॅकच बरी.

१५.६ इंची लॅपटॉप रुंदीला साधारण ३६ सेंटीमीटर भरतो. बॅग आतून ३८ ते ४० सेंटीमीटर हवी. दुचाकीवर पट्टा छातीवरून आडवा घ्या आणि आखूड करा. लोंबणारी बॅग किंवा पट्टा चाकात अडकू शकतो.

आणि डबा? तो वेगळ्या पिशवीत. कालवणाचं तेल कातड्यात मुरलं की डाग निघत नाही.

महाग म्हणजे परवडणारी?

एक साधा हिशोब करू. समजा, १,२०० रुपयांची रेक्झिनची बॅग दीड वर्ष टिकली. वर्षाचे ३०० कामाचे दिवस धरले तर रोजचे सुमारे २ रुपये ७० पैसे. ६,००० रुपयांची चांगली लेदर बॅग आठ वर्षं टिकली, तर रोजचे अडीच रुपये.

म्हणजे फरक किरकोळ आहे. बजेट नसेल तर रेक्झिन समजून रेक्झिन घेण्यात काही चूक नाही. खरा तोटा तिसऱ्याच बॅगेत आहे. ६,००० रुपये मोजले, लेप दिलेलं स्प्लिट मिळालं आणि दोन वर्षांत ते सोलपटलं, तर रोजचे दहा रुपये गेले.

शिवाय दुरुस्तीचाही विचार करा. चांगल्या कातड्याची शिलाई उसवली, कडी तुटली, तर स्टँडजवळ बसणारे कारागीर ती पुन्हा शिवून देऊ शकतात. सोलपटलेल्या थरावर कोणाकडेच इलाज नसतो.

ऑनलाइन घेतली आणि वेगळीच निघाली तर?

ऑर्डर देण्याआधी विक्रेत्याला विचारा: फुल ग्रेन की टॉप ग्रेन? लेदर फक्त झाकणाला आहे की पूर्ण बॅगेला? कडेचा जवळून काढलेला फोटो मागवा. उत्तरं आणि उत्पादनाच्या वर्णनाचा स्क्रीनशॉट जपून ठेवा.

२०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार जाहिरातीत सांगितलेले गुण वस्तूत नसतील, तर ती परत घ्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही. दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरवर तक्रार करता येते. ग्राहक आयोगात जायची वेळ आली तर तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात दावा करता येतो. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची.

दुकानातून घेत असाल तर पक्कं बिल घ्या. त्यावर नुसतं 'बॅग' नको, 'फुल ग्रेन लेदर बॅग' किंवा जे सांगून विकलं तेच लिहून घ्या. दुकानदार लिहून द्यायला तयार नसेल, तर ती बॅग तिथेच ठेवा.

घेतल्यावर काय करायचं?

पावसात भिजली तर पंख्याखाली, सावलीत वाळवा. ऊन आणि हेअर ड्रायर नको. दोन-तीन महिन्यांतून एकदा लेदर क्रीम हलक्या हातानं लावा, खासकरून मार्च ते मेच्या कोरड्या उन्हाळ्यात. पावसाळ्यात बॅग प्लास्टिकच्या पिशवीत कोंडू नका, बुरशी येते. जुन्या सुती कापडात गुंडाळून ठेवलेली बॅग चांगली राहते.